लहान मोटार घेतांना पहिला प्रश्न कोणता ?

बैल विकत घेतांना आपला शेतकरी जितकी पारख करितो, तितकी तो मोटार घेतांना करीत नाहीं, असें आमचें मत आहे. बाजारांत बैलाचे दांत पाहिले जातात, खूर उचलून पाहिला जातो, खांदा चांचपला जातो, गाडीस जुंपून चाल अजमाविली जाते. आणि मग रुमालाखालीं बोटें धरून किंमत ठरते. परंतु त्याच बैलाच्या कितीतरी पट किंमतीची मोटार घ्यावयाची वेळ आली म्हणजे बहुतेकांच्या तोंडीं एकच प्रश्न असतो : "ॲव्हरेज किती देते ?" या प्रश्नाचें उत्तर मिळालें, रंग पसंत पडला व महिन्याचा हप्ता झेपेलसा वाटला, कीं पेढे वाटले जातात. इंधनाचा खर्च क्षुल्लक आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु तो प्रश्न पहिला नव्हे, तिसरा किंवा चवथा आहे, हें दाखविण्याकरितां हा लेख लिहिला आहे.

येथें लहान मोटार म्हणजे जिला हल्लीं हॅचबॅक म्हणतात ती आखूड गाडी समजावी. हिची सामानाची जागा मागील आसनाच्या पाठीशींच असते व मागील दार कांचेसह वर उघडतें. १९८३ च्या डिसेंबरांत मारुती ८०० रस्त्यावर आली आणि मध्यम स्थितींतील कुटुंबाच्या आटोक्यांत मोटार आली. पुढें १९९८ सालीं पुण्याजवळ तयार होणारी टाटा इंडिका निघाली व डिझेलवर चालणारी लहान मोटार खेड्यांतील वाड्यापुढें उभी राहूं लागली. कराच्या हिशोबीं ज्या गाडीची लांबी ४००० मिलिमीटरांपलीकडे जात नाहीं आणि जिचें पेट्रोल इंजिन १२०० घनसेंटिमीटरांपर्यंत किंवा डिझेल इंजिन १५०० पर्यंत आहे, ती लहान. या वर्गावर वस्तु व सेवा कर शेंकडा २८ व शिवाय उपकर असे. २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकर गेला आणि कर शेंकडा १८ वर आला. त्यामुळें जो आजवर कुंपणावर बसला होता तोही आतां चौकशी करूं लागला आहे. म्हणून हा विषय या वेळीं मांडणें अगत्याचें वाटलें.

प्रथम इंधनाचाच हिशोब पाहूं. जाहिरातींतील आंकडा प्रयोगशाळेंत फिरत्या रुळांवर गाडी चालवून काढिलेला असतो. हें काम करणारी आपल्या देशांतील प्रमुख संस्था, ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, पुण्यासच आहे. दोन गाड्यांची तुलना करण्यास तिचा आंकडा उपयोगी पडतो. परंतु त्या रुळांवर खड्डा नसतो, चढ नसतो, आणि गाडींत पांच माणसें व डाळीचें पोतें नसतें. सबब जाहिरातींत २४ असेल तेथें रोजच्या रस्त्यावर १८ धरून चालावें हें बरें. आतां समजा, एक गाडी लिटरास १८ किलोमीटर जाते व दुसरी २२, आणि पेट्रोल लिटरास १०० रुपये आहे. तालुका, बाजारसमिती, शाळा व दवाखाना येथील जाणेंयेणें मिळून ज्याचें वर्षाचें चालणें ८००० किलोमीटर आहे, त्यास पहिल्या गाडीला सुमारें ४४४ लिटर व दुसरीला ३६४ लिटर पेट्रोल लागेल. फरक ८० लिटरांचा, म्हणजे वर्षास ८००० रुपयांचा. महिन्यास सातशेंहून कमी. एवढ्यासाठीं गाडीच्या बाकीच्या अंगांकडे डोळेझांक करणें म्हणजे बैल वैरण किती खातो तेवढें विचारून त्याचे पाय न पाहणें होय.

हाच न्याय सी.एन.जी. गाडीस लावावा. ती पेट्रोलच्या गाडीहून ९०,००० रुपयांनीं महाग पडते असें धरूं. एका किलो वायूची किंमत ९० रुपये व तेवढ्यांत २६ किलोमीटर प्रवास, असा हिशोब केला तर किलोमीटरास साडेतीन रुपये पडतात. वरील १८ किलोमीटरांच्या पेट्रोल गाडीस साडेपांच. म्हणजे दर किलोमीटरास सुमारें दोन रुपये वांचतात. वर्षास ८००० किलोमीटर चालणाऱ्याचे जादा भरलेले पैसे परत येण्यास पांच वर्षांहून अधिक काळ लागेल. २०,००० किलोमीटर चालणाऱ्याचे मात्र सव्वादोन वर्षांच्या आंत येतील. ज्यास रोज शहरांत दूध किंवा भाजी घेऊन जावें लागतें, त्यानें सी.एन.जी. अवश्य घ्यावी. परंतु ज्याच्या गांवापासून वायूचा पंप पंचवीस किलोमीटरांवर आहे, त्याची बचत जाण्यायेण्यांतच जिरेल. वायूच्या टाकीनें सामानाची जागा जाते, हेंही ध्यानांत ठेवावें. टाटा कंपनीनें २०२३ पासून एका मोठ्या टाकीऐवजीं दोन लहान टाक्या तळाशीं बसविल्या, त्यामुळें ही अडचण त्या गाड्यांत बरीच कमी झाली आहे. टाकीची दाबाची चांचणी दर ३ वर्षांनीं करून घ्यावी लागते, ती चुकवूं नये.

मग पहिला प्रश्न कोणता ? आमच्या मतें तो असा : ही गाडी कोठें आदळली तर आंतील माणूस वांचेल काय ?

या प्रश्नाचें उत्तर मिळण्याची पूर्वीं सोयच नव्हती. २०१४ च्या जानेवारींत ग्लोबल एनकॅप या संस्थेनें आपल्याकडील पांच लहान गाड्या तासास ६४ किलोमीटर वेगानें अडथळ्यावर आदळवून पाहिल्या. अल्टो ८००, नॅनो, आय १०, फिगो व पोलो या त्या वेळच्या नामांकित गाड्या होत्या. पण एअरबॅग नसलेल्या. मोठ्या माणसाच्या संरक्षणाबद्दल पांचांपैकीं एकीसही एक ताराही मिळाला नाहीं. त्यानंतर कायदा हळूहळू जागा झाला. १ एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींस ए.बी.एस. ब्रेक, १ जुलै २०१९ पासून चालकापुढें एअरबॅग आणि २०२२ पासून शेजारच्या आसनापुढेंही एअरबॅग सक्तीची झाली. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपल्या सरकारची परीक्षा सुरू आहे. तिच्यांत पांच ताऱ्यांपैकीं गुण देतात. मात्र परीक्षेस बसणें कारखानदाराच्या इच्छेवर ठेविलें आहे.

आतां विक्रेते एअरबॅगांची संख्या मोठ्यानें सांगतात. ती अधिक असणें चांगलेंच. परंतु संख्येनें हुरळून जाऊं नये. २०२० सालीं टाटा अल्ट्रोझनें दोनच एअरबॅगांवर पांच तारे मिळविले व टियागोनें चार. २०२३ च्या एप्रिलांत वॅगन आरला एक तारा व अल्टो के १० ला दोन तारे मिळाले. एअरबॅग त्यांतही दोनच होत्या. मध्यंतरीं २०२२ सालीं परीक्षेचे नियम कडक झाले, म्हणून त्या दोन वर्षांचे तारे सरसकट शेजारीं मांडणें न्यायाचें होणार नाहीं. २०२५ सालीं वॅगन आर व अल्टो या दोहोंच्या सर्व प्रकारांत सहा एअरबॅग मिळूं लागल्या, ही सुधारणाही नमूद केली पाहिजे. तरी मूळ मुद्दा राहतोच. एअरबॅग ही उशी आहे, भिंत नव्हे. सांगाडाच चेपून आंत आला तर उशी तरी काय करणार ? गाडीचा पत्रा अंगठ्यानें दाबून किंवा दार आपटून मजबुती ठरविण्याची जी चाल पडली आहे, तीही निरुपयोगी आहे. पत्रा हें कातडें. हाडें आंत असतात व तीं परीक्षेवांचून दिसत नाहींत. यासाठीं गाडी कोणत्या सालीं, कोणत्या नियमांनीं परीक्षेस बसली व तिला किती तारे मिळाले, हें विचारून तें आपल्या वहींत लिहून घ्यावें.

कोणी म्हणेल, आम्ही कोठें वेगानें मुंबईस जातों ? आमची गाडी तालुक्यापर्यंत, ताशीं चाळीसनें. हा आक्षेप दहा वर्षांपूर्वीं कदाचित् चालला असता. आज तालुक्याचा रस्ता सिमेंटचा झाला आहे आणि त्याच रस्त्यावर ट्रक, बसगाड्या व परगांवच्या मोटारी धांवत आहेत. गळिताचा हंगाम लागला म्हणजे ऊसानें लादलेल्या दोनदोन ट्रॉल्या, मागें दिवा नाहीं, तांबडी पट्टी नाहीं, अशा अंधारांत उभ्या असतात. आपण सावकाश जातों म्हणून समोरचा सावकाश येतो, असें नाहीं.

याच ओघांत पट्ट्याविषयीं लिहिलें पाहिजे. पुढील आसनावरील लोक पोलिसांच्या भयानें का होईना, पट्टा बांधतात. मागील आसनावर आईवडील व मुलें मोकळींच बसतात. ४ सप्टेंबर २०२२ रोजीं पालघर जिल्ह्यांत उद्योगपति सायरस मिस्त्री यांचा अपघातांत अंत झाला. गाडी महागडी होती. पण ते मागील आसनावर होते आणि त्यांनीं पट्टा बांधला नव्हता. तेव्हां गाडी पाहतांना मागील तिन्ही जागांस खांद्यावरून येणारा पट्टा आहे कीं नाहीं, प्रत्येक जागेस डोकें टेकण्याची उशी आहे कीं नाहीं, हें स्वतः मागें बसून पाहावें. यास एक पैसाही लागत नाहीं.

दुसरा प्रश्न रोजच्या वापराचा. गाडी वर्षाच्या तीनशें दिवसांसाठीं घ्यावी, लग्नसराईच्या पांच दिवसांसाठीं नव्हे. बहुतेक दिवशीं तींत दोन किंवा तीन माणसें असतात. वऱ्हाड नेण्यास भाड्यानें मोठी गाडी मिळते. सामानाच्या जागेचा फरक मात्र लक्षांत घ्यावा : अल्टोमध्यें ती २१४ लिटर आहे, टियागोंत २४२, स्विफ्टमध्यें २६५, वॅगन आरमध्यें ३४१ व अल्ट्रोझमध्यें ३४५. ज्याच्या घरीं गुडघेदुखीचीं वडील माणसें आहेत, त्यानें आसनाची उंची पाहावी. खालीं वांकून बसावें लागणाऱ्या गाडींत नऊवारी नेसलेल्या आजीबाईंस रोज त्रास होतो.

गाडीचें पोट जमिनीपासून किती उंच आहे याची चौकशी सर्वच करितात. या वर्गांतील पुष्कळ गाड्या १६० ते १७० मिलिमीटरांच्या आसपास आहेत, आणि डांबरी रस्ता, मुरमाड वाट व गांवांतील गतिरोधक यांस एवढी उंची पुरते. काळ्या जमिनींतील पाणंद पावसाळ्यांत लहान मोटारीस बंदच समजावी. परंतु तेवढ्याकरितां लाखों रुपये अधिक देऊन उंच बांध्याची गाडी घेणाऱ्यानें एक गोष्ट जाणावी : या नव्या उंच गाड्यांपैकीं बहुतेकींची शक्ति पुढच्या दोनच चाकांस असते, आणि चिकण चिखलांत त्याही तशाच रुततात. मोटार डांबरीपर्यंत व पुढें ट्रॅक्टर, ही विभागणीच योग्य.

गाडी चालवून पाहण्याची रीतही बदलली पाहिजे. शोरूमपासून चौकापर्यंत व परत, एवढ्यानें कांहीं कळत नाहीं. घरचीं पांचही माणसें बसवावींत, वातानुकूलन चालू ठेवावें व जवळच्या घाटाचा किंवा मोठ्या चढाचा रस्ता धरावा. १००० घनसेंटिमीटरांचें इंजिन दोन माणसांस सपाटीवर पुरेसें असतें. भरल्या गाडीनें चढावर ट्रक ओलांडतांना तें कसें वागतें, हें विकत घेण्यापूर्वींच कळलेलें बरें. दुरुस्तीची शाळा तालुक्याच्या गांवीं आहे कीं जिल्ह्याच्या, आणि साधे भाग किती दिवसांत मिळतात, हेंही तेथल्या गिऱ्हाइकांसच विचारावें. शेवटीं एक घरगुती सूचना : गाडी वैरणीच्या गंजीशेजारीं किंवा धान्याच्या कोठारांत उभी करूं नये. उंदीर तारा कुरतडतात, आणि आजच्या गाडींत तारांवांचून कांहींच चालत नाहीं.

आतां तिसरा प्रश्न, पैशाचा. शोरूमची किंमत ही अर्धीच गोष्ट असते. महाराष्ट्रांत दहा लाखांपर्यंतच्या खासगी पेट्रोल गाडीस नोंदणीच्या वेळीं शेंकडा ११ कर पडतो. म्हणजे सहा लाखांच्या गाडीस ६६,००० रुपये. त्यावर विमा, आणि विक्रेता गळ्यांत घालील तीं आसनांचीं कव्हरें व आरसे वेगळे. कर्जाचें म्हणाल, तर पांच लाख रुपये शेंकडा ९ व्याजानें ५ वर्षांसाठीं घेतल्यास महिन्यास सुमारें १०,३८० रुपये हप्ता बसतो व एकूण व्याज १,२२,७०० च्या घरांत जातें. मुदत ७ वर्षांची केली तर हप्ता ८,०४५ वर उतरतो, पण व्याज १,७५,७०० च्या आसपास होतें. "हप्ता कमी करून देतों" या गोड शब्दांची किंमत सुमारें ५३,००० रुपये आहे.

शिवाय पगारदाराचें उत्पन्न महिन्याचें, शेतकऱ्याचें हंगामाचें. ऊसाचें बिल किंवा कापसाचे पैसे ज्या महिन्यांत येतात त्याच महिन्यांत हप्ता येत नाहीं. तो बाराही महिने येतो. दुधाचें बिल नियमित असेल त्यानेंच महिन्याचा हप्ता पतकरावा. इतरांनीं पीक आल्यावर भरावयाच्या सहामाही हप्त्याची मागणी करावी. आणि एक गोष्ट कधींच करूं नये : पीककर्जाच्या पैशांतून मोटारीची पहिली रक्कम भरूं नये. तीन लाखांपर्यंतचें पीककर्ज वेळेवर फेडणाऱ्यास शेंकडा ४ व्याजानें पडतें. तें थकलें कीं सवलत जाते आणि पुढील हंगामीं बियाणें व खत उधारीवर येतें. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यांत बोजे चढतांना व उतरतांना आम्हीं पुष्कळ पाहिले. विहिरीसाठीं चढलेला बोजा विहिरीच्या पाण्यानें उतरतो. जी वस्तु दरवर्षीं स्वतःच मोलानें उतरत जाते, तिच्या पायीं आलेला बोजा जमिनीच्या तुकड्यानें उतरविण्याची पाळी येते. मोटार ही सोय आहे, पीक नव्हे.

ज्यास नवी झेपत नाहीं त्यानें तीन-चार वर्षें चाललेली चांगली गाडी घेण्यांत कमीपणा मानूं नये. पहिल्या धन्यानें मोठी घट सोसलेली असते. मात्र नोंदणीपत्रावर सावकारी संस्थेचें नांव शिल्लक आहे काय, हें पाहावें. असल्यास तें कमी झाल्यावांचून पैसे देऊं नयेत. दुसरें, हल्लीं पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल मिळतें. ऊस व मका पिकविणाऱ्या आमच्या वाचकांस त्यांत हित आहे. परंतु इथेनॉलांत तितक्याच पेट्रोलापेक्षां सुमारें तृतीयांश उष्णता कमी असते, त्यामुळें चालण्यांत थोडी तूट येणें स्वाभाविक आहे. या मिश्रणास टिकतील असे रबरी व इतर भाग असलेल्या गाड्या २०२३ च्या एप्रिलपासून निघूं लागल्या. त्यापूर्वींची गाडी घेतांना तिच्या पुस्तिकेंत काय लिहिलें आहे, तें वाचून घ्यावें.

तर मग कोणती घ्यावी, असें वाचक विचारतील. ज्याचा रोजचा रस्ता राज्यमार्गावरून जातो व जो मुलाबाळांस घेऊन रात्रींही फिरतो, त्यानें अल्ट्रोझ किंवा टियागो यांसारखी, परीक्षेंत चांगली उतरलेली गाडी प्रथम पाहावी, मग तिचें ॲव्हरेज थोडें कमी असलें तरी चालेल. ज्याचें चालणें गांव ते तालुका एवढेंच, सावकाश व दिवसाउजेडीं आहे आणि घरीं वृद्ध माणसें आहेत, त्यास वॅगन आरची उंच बैठक व मोठी सामानाची जागा सोयीची वाटेल. पण सहा एअरबॅग असलेलीच घ्यावी आणि तिचा २०२३ चा निकाल माहीत करून घेऊन घ्यावी. केवळ किंमत कमी म्हणून कोणतीही घेऊं नये. २००८ सालीं एक लाखाची मोटार म्हणून गाजलेल्या नॅनोकडे गिऱ्हाइकांनीं पाठ फिरविली व दहा वर्षांच्या सुमारास तिचें उत्पादन थांबलें. नुसत्या स्वस्ताईवर मोटार खपत नाहीं व खपूंही नये.

आमच्या शेतकरी बंधूंनीं शोरूमच्या पायऱ्या चढण्यापूर्वीं एका कागदावर चार प्रश्न या क्रमानें लिहावेत : आदळली तर माणूस वांचेल काय ? रोजच्या रस्त्यास व घरच्या माणसांस ती सोयीची आहे काय ? शेतीच्या भांडवलास हात न लावितां फिटेल काय ? आणि मग, इंधन किती खाते ? तो कागद विक्रेत्यापुढें ठेवून उत्तरें त्याच्याच हस्ताक्षरांत मागावींत. जो लिहून देण्यास कांकूं करील त्याच्याकडून मोटार घेऊं नये. आपण गिऱ्हाईक आहों, याचक नव्हे.